तीन बादल्या आणि एक वही

शुक्रवारी दुपारी रेवीची गाडी नोएलीनच्या खोपटासमोर थांबली, तेव्हा पायरीवर कुंडी होती. कुंडीत जांभळी फुलं होती. रेवी गाडीतून उतरलाच नाही. ऑक्टोबरातल्या या लांब सुट्टीला तो अडतीस वर्षं टोरेआच्या खाडीवर येत होता. त्या पायरीवर त्याने फाटके गमबूट पाहिले होते, मेलेला खेकडा पाहिला होता, एकदा तर क्लाइव्हची कवळीसुद्धा पाहिली होती. फूल कधी पाहिलं नव्हतं.

“कोण गेलं?” त्याने काच खाली करून विचारलं.

“कुणी गेलेलं नाही,” दारातून नोएलीन म्हणाली. “आत ये. आणि पाय पुसून ये.”

“काय पुसून?”

“पाय, पाय. तुझ्या खाली आहेत ते.”

रेवी उतरला आणि पाय पुसून आत गेला. या खोपटात नवी वस्तू आणायची नाही हा कायदा होता. शहरातल्या घरात जे नकोसं झालं, ते इथे यायचं: एक दांडी मोडलेली खुर्ची, झाकण दुसऱ्याच भांड्याचं असलेली किटली, ज्याचा दरवाजा गुडघा मारल्याशिवाय लागत नाही असा फ्रीज. आज टेबलावर इस्त्री केलेलं टेबलक्लॉथ होतं. उशांना सारखे अभ्रे होते. सारखे! चार उशा आणि चारही एका रंगाच्या. रेवीला तिथे बसवेना.

तेवढ्यात ग्लेनिस आणि क्लाइव्ह आले. ग्लेनिसच्या हातात दरवर्षीची बेकन-अंड्याची पेस्ट्री, आणि क्लाइव्हच्या हातात ग्लेनिसचं बाकी सगळं. क्लाइव्ह चाळीस वर्षं नळ दुरुस्त करत होता आणि बोलण्याचं काम त्याने लग्नातच बायकोकडे सोपवलं होतं. ग्लेनिसने अभ्रे पाहिले, नाकाला चष्मा लावून परत पाहिले.

“नोएलीन, तू लग्नबिग्न करतेयस का?”

“विकतेय,” नोएलीन म्हणाली. “म्हणजे, दाखवतेय. रविवारी अकराला एक बाई येणार आहे बघायला.”

फ्रीजचं दार आपोआप उघडलं, ते क्लाइव्हने गुडघ्याने लावलं.

मग चहा झाला आणि चहाबरोबर हकीकत बाहेर पडली. नोएलीनचा मुलगा ग्रँट पर्थला असतो. आईने एकाहत्तराव्या वर्षी समुद्रकाठी एकटीने राहू नये असं त्याच्या डोक्यात बसलं होतं. दर रविवारी फोनवर तेच दळण. शेवटी मायलेकांत करार झाला. घर एकदा दाखवायचं. येणाऱ्याला पसंत पडलं तर विकायचं. नाही पडलं, तर ग्रँटने जन्मात पुन्हा विषय काढायचा नाही.

“आणि तू हो म्हणालीस?” रेवी म्हणाला.

“शब्द दिलाय मी.”

“पण त्याला हे आत्ताच का सुचलं? तू तर अजून क्लाइव्हपेक्षा चांगली चालतेस.”

“क्लाइव्हपेक्षा तर ही खुर्चीही चांगली चालते,” ग्लेनिस म्हणाली.

नोएलीन हसली, पण खिडकीबाहेर बघून. “वय झालं म्हणे माझं,” एवढंच म्हणाली आणि आल्याची बिस्किटं आणायला उठली.

रेवीने तेवढ्यात दाराजवळच्या खिळ्यावरची वही काढली. वही कसली, शाळेच्या चार वह्या सुतळीने एकत्र शिवलेल्या. प्रत्येक मुक्कामाच्या शेवटच्या दिवशी, पत्त्यांत जो हरला त्याने त्यात लिहायचं आणि सगळ्यांना वाचून दाखवायचं. वारा कुठला, कोण आलं, काय मोडलं, मासा किती मोठा. खोपटात कायदे दोनच होते, आणि दुसरा या वहीचा होता: वहीत सगळं खरं लिहायचं, खोटं फक्त माशाच्या वजनाबद्दल. पहिल्याच वर्षी नोएलीनच्या नवऱ्याने, रॉसने, वीतभर स्नॅपर माशाचं वजन चार किलो लिहिलं होतं आणि शपथा घेतल्या होत्या. तेव्हापासून तो हक्क सगळ्यांना मिळाला. रॉस गेला, पण हक्क राहिला.

रेवीचं बोट आपोआप सात वर्षांपूर्वीच्या पानावर गेलं. तिथे त्याच्या बायकोचं, नायरीचं, तिरपं अक्षर होतं. ‘या खेपेस समुद्र खुर्चीतूनच पाहिला. रेवी दर दहा मिनिटांनी विचारतो, थंडी वाजते का. वाजत नाही. त्याला सांगू नका, पण विचारलेलं बरं वाटतं. मासा: नऊ किलो, खुर्चीतूनच पकडला.’ ती त्याच पावसाळ्यात गेली. घरी रेवीकडे तिचा कोट होता, चष्मा होता, बागेतली कात्री होती. पण तिचं बोलणं फक्त इथे होतं, या खिळ्यावर. ही जागा परक्या माणसाच्या हाती गेली, तर आपण तिला दुसऱ्यांदा गमावू, असं त्याला सरळ वाटलं आणि राग आला. कुणाचा, ते नीट कळलं नाही. मग त्याने तो राग त्या न पाहिलेल्या बाईवर काढायचं ठरवलं. ते सोयीचं होतं.

आता एक गोष्ट इथेच सांगून टाकायला हवी. या चौघांनी अडतीस वर्षांत शनिवारची मासेमारी कधी चुकवली नव्हती. एकदा क्लाइव्हला ताप होता, तरी त्याला घोंगडीत गुंडाळून होडीत बसवला होता. पण या शनिवारी सकाळी रेवीने कमरेवर हात ठेवला आणि म्हणाला, “पाठ धरलीय. आज नको.” त्यावर क्लाइव्ह म्हणाला, “इंजिन खोकतंय.” आणि नोएलीन आकाशाकडे बघून म्हणाली, “पूर्वेचा वारा आहे. मासा लागायचा नाही.” तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि तिघांनाही फार हायसं वाटलं. गळाला लावायला आणलेली बोय तशीच उरली. बोय काय वाईट मासा आहे का? नाही. पण दीड दिवस उन्हात झाकून ठेवली, तर तिच्यासारखा वाईट मासा नाही.

रविवारी सकाळी सहाला रेवी आपली बोयीची बादली घेऊन घराखाली शिरला. खोपट लाकडी खुंटांवर उभं होतं, खाली माणूस पोटावर सरपटेल एवढीच जागा. सत्तरीच्या माणसाने तसं सरपटू नये, पण प्रेमात आणि सूडात वय कोण बघतं? त्याने झाकण काढलं, बादली बरोबर बैठकीच्या खोलीखाली ढकलली. ती कशावर तरी आदळली. अंधारात हात लावून पाहिलं, तर दुसरी बादली. वासावरून आतला माल ओळखीचा होता.

बाहेर येऊन कपडे झटकतो तर समोर क्लाइव्ह, लुंगीसारखा टॉवेल गुंडाळून संडासाकडे निघालेला. रेवीने घराखाली बोट केलं. क्लाइव्हने होकारार्थी मान हलवली, आणि दोघांनी न बोलता हात मिळवला.

“बरोबर मधोमध ठेवलीस,” रेवी कुजबुजला.

“मधोमध?” क्लाइव्ह म्हणाला. “मी तर मोरीखाली ठेवलीय.”

रेवीने ते फारसं मनावर घेतलं नाही. क्लाइव्हला घराचा मधोमध कधीच कळला नव्हता.

अकरापर्यंत ऊन तापलं आणि माल आपलं काम करू लागला. नोएलीनने कुंडीला पाणी घातलं, अभ्रे सारखे केले आणि नाकाचा शेंडासुद्धा हलू न देता म्हणाली, “छान हवा आहे आज.” ग्लेनिसने डोळे पुसले. क्लाइव्ह खिडकी उघडायला गेला, तर रेवीने त्याच्या पायावर पाय दिला.

गाडीतून आधी ब्रेडन उतरला. हा घरं विकणारा पोरगेला माणूस, टोकदार बूट, केस चमकवलेले. दारात आला आणि बोलता बोलता थांबला. “समुद्राचा... ताजा...” एवढंच त्याच्या तोंडून निघालं आणि रुमाल बाहेर आला.

त्याच्यामागून बाई आल्या. लोसा त्यांचं नाव. सामोआत वाढलेल्या, ऑकलंडच्या शाळेत तीस वर्षं मुख्याध्यापिका आणि नुकत्याच निवृत्त. अंगाने ऐसपैस, डोक्यावर रुंद हॅट. दारात सपाता काढल्या आणि अनवाणी आत आल्या. त्यांनी एक लांब श्वास घेतला. चौघं बघत राहिले.

“बोय,” बाई म्हणाल्या. “परवाची.”

“इथे वास नेहमीच असतो हो,” ग्लेनिस घाईने म्हणाली. “भरतीला जास्त. ओहोटीला तर विचारूच नका.”

“आमच्या घरीही असायचा. अकरा भावंडं, मासे मीच साफ करायची. किती वर्षांनी आला हा वास!” आणि बाईंनी पुन्हा एक श्वास घेतला, अगदी आवडीने.

पहिला डाव फुकट गेला. मग तोंडाची लढाई सुरू झाली. ग्लेनिस म्हणाली, उंदीर आहेत. बाई म्हणाल्या, शाळेत बाराशे मुलं होती, उंदरांचं काय घेऊन बसलात. क्लाइव्हने पाण्याचा पंप लावून दाखवला. पंप असा किंचाळला की झाडावरचे टूई पक्षी उडून गेले. बाईंनी मापाने एक बुक्की मारली आणि पंप गप्प झाला. क्लाइव्हच्या डोळ्यांत आदर उमटला, तो रेवीला मुळीच आवडला नाही.

“संडास बाहेर आहे,” रेवी म्हणाला. “खड्ड्याचा. पावसात छत्री घेऊन जावं लागतं. आणि दर सुट्टीला आम्ही तिघं येतो, कुणी बोलावलं नाही तरी. फ्रीजमधलं लोणी खातो.”

“तुम्ही घराबरोबर येता?” बाईंनी ब्रेडनकडे पाहिलं. “यादीत आहेत का हे?”

“नाहीत, मॅडम,” ब्रेडन रुमालाआडून म्हणाला.

इथे रेवीच्या डोक्यात ती कल्पना आली, आणि तो स्वतःवर इतका खूश झाला की त्याने क्षणभरही विचार केला नाही. त्याने खिळ्यावरची वही काढली आणि बाईंच्या हातात ठेवली. “माझ्यावर विश्वास ठेवू नका. या घराची अडतीस वर्षांची दुखणी यात आहेत. एकूण एक खरी. वाचा तुम्हीच.”

बाई वही घेऊन बाहेर पायरीवर कुंडीशेजारी बसल्या. पहिलं पान उलटलं. रेवी खांबाला टेकून वाट बघत राहिला. आता कपाळाला आठी पडेल, मग पडेल. बाईंचे खांदे हलायला लागले.

“‘छप्पर गळते,’” त्या मोठ्याने वाचू लागल्या. “‘रेवीने दुरुस्त केले. आता दोन ठिकाणी गळते. नायरी.’ रेवी म्हणजे तुम्हीच ना?”

“हो,” रेवी म्हणाला.

“‘उंदराने ग्लेनिसचा केक खाल्ला. सकाळी उंदीर मेलेला सापडला. ग्लेनिस कुणाशी बोलत नाही.’” बाईंनी हॅट काढून ठेवली, डोळे पुसले. “अहो, हे काय आहे! ‘क्लाइव्ह आज बोलला. वारा असल्याने काय बोलला ते ऐकू आले नाही.’”

क्लाइव्हसुद्धा हसला. ग्लेनिस तर पोट धरून खाली बसली. एकटा रेवी हसत नव्हता. बाईंचा चेहरा त्याला आता स्वच्छ दिसत होता. घरात वास आहे, पंप ओरडतो, छप्पर गळतं, आणि ही बाई या घराच्या प्रेमात पडत होती, एकेक पान उलटत. त्याने स्वतःच्या हाताने ते घर तिच्या मांडीवर नेऊन ठेवलं होतं. आपल्याच पायावर धोंडा, आणि तोही पुढे सरपटत जाऊन.

“मी घेतेय हे,” बाई म्हणाल्या. “जसं आहे तसं. फक्त ही वही सोबत हवी.”

“घरातलं सगळं सामान यादीत आहे,” ब्रेडन पटकन म्हणाला. “वही घरात असते. म्हणजे आलीच.”

“आत्ता कुठे घरात आहे?” ग्लेनिस उसळून म्हणाली. “पायरीवर आहे!”

“पायरी घराचीच असते, मॅडम.”

“मग मी हिला वाळूवर नेऊन ठेवते, मग?”

नोएलीन दाराशेजारच्या टेबलापाशी उभी होती आणि टेबलक्लॉथच्या टोकाने हात पुसत होती, जे तिने एरवी कुणाला करू दिलं नसतं. बाई शेवटच्या पानांवर आल्या होत्या. हसण्याच्या भरातच त्यांनी पुढचं वाचलं.

“‘जुलै, बुधवार. एकटीच आले. पायरीवरून घसरले. उठता येईना. तीन तास. टूई सारखा बोलत होता, म्हणून बरं वाटलं. मासा...’”

बाईंचा आवाज थांबला. हसू सगळ्यांच्याच चेहऱ्यावर अर्धवट राहिलं.

“तीन तास?” रेवी म्हणाला. “नोएलीन?”

“सरपटत गेले फोनपर्यंत. काही मोडलं नव्हतं.”

“आम्हाला का नाही सांगितलंस?”

“ग्रँटला सांगितलं, तर त्याने घर विकायला काढलं. तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्ही मला म्हातारी केली असती. वहीत लिहिलं की. खोटं नाही लिहिलं मी.”

ते खरंच होतं. तीन महिने ते तिथे खिळ्यावर लटकलं होतं. शुक्रवारी रेवीने वही हातात घेतली होती, आणि आपलं एक पान वाचून परत ठेवली होती. त्याला स्वतःची लाज वाटली. तो चाळीस मिनिटांवर राहत होता. बुधवारी, गुरुवारी त्याला काही काम नसायचं. रोजच नसायचं. नायरी दर दहा मिनिटांनी विचारलेलं लिहून गेली, आणि त्याने सात वर्षं कुणाला काही विचारलंच नव्हतं.

लोसाबाईंनी वही मिटली. उठल्या, हॅट डोक्यावर ठेवली आणि काही न सांगता गुडघ्यांवर बसून घराखाली वाकल्या. हात लांब करून त्यांनी एक बादली ओढून काढली. मग दुसरी, मोरीखालून. ब्रेडन झुडपाआड पळाला.

“ही माझी,” रेवी म्हणाला. शाळेच्या बाई समोर असल्या की खरं आपोआप निघतं.

“ही आमची,” ग्लेनिस म्हणाली.

बाईंनी पुन्हा हात घातला आणि तिसरी ओढली. निळी, कड वितळलेली. रॉसची बादली, जी कुलपातल्या शेडमधून नोएलीनशिवाय कुणी काढू शकत नव्हतं. सगळ्यांनी वळून नोएलीनकडे पाहिलं. एकाहत्तर वर्षांची ती बाई कानापर्यंत लाल झाली.

“मी दाखवीन म्हणून शब्द दिला होता,” ती म्हणाली. “कुठल्या वासात दाखवीन, ते ठरलं नव्हतं.”

“तुम्हाला विकायचंय का?” लोसाबाईंनी विचारलं. वर्गात शेवटच्या बाकावरच्या मुलीला विचारावं तसं, हळू.

“नाही,” नोएलीन म्हणाली. इतके दिवस हा शब्द तिने कुणापुढे उच्चारला नव्हता. एकदा निघाल्यावर तो पुन्हा निघाला. “नाही. मुळीच नाही.”

“मग पायरीला कठडा लावा. आणि बुधवारी एकट्या येऊ नका.” बाईंनी वही तिच्या हातात दिली. “घर नको मला. मला ही वही हवी होती, आणि ती विकत घेऊन काय करू? तुमच्या छपराच्या गळतीवर मी का हसू? मला माझी गळती हवी. ब्रेडन! झुडपातून या. दुसरं एखादं दाखवा, कोरी वही मी घेऊन येईन.”

“जेवून जा,” ग्लेनिस म्हणाली. “शिंपल्या आहेत. ताज्या, शपथ.”

बाई जेवायला थांबल्या. ब्रेडन नाही थांबला.

दुपारी ग्रँटला फोन लागला. नोएलीनने त्याला सगळं सांगितलं, बादलीसकट. पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही, मग बराच वेळ नुसता आवाजच आला. शेवटी रेवीने फोन घेतला. “ग्रँट, तू लहानपणी माझ्या पायावर होडी सोडली होतीस, आठवतं? मग ऐक. दर बुधवारी मी इथे असेन. ती नको म्हणाली तरी. लोणी मी माझं आणेन.” पलीकडून पहिल्यांदा हसू आलं. करार करार होता. बाईंनी घर घेतलं नव्हतं, आणि विषय संपला होता.

सोमवारी सकाळी क्लाइव्हने आणि रेवीने पायरीला कठडा ठोकला, किनाऱ्यावर वाहून आलेल्या लाकडाचा, कारण नवी वस्तू चालत नाही. कुंडी वाळूत नेऊन ठेवली. रात्रीच्या पत्त्यांत रेवी हरला होता, म्हणून लिहायची पाळी त्याची. त्याने लिहिलं आणि उभा राहून वाचलं. “‘पूर्वेचा वारा. घर दाखवले. गेले नाही. रेवीने कठडा लावला.’”

“‘कठडा हलतो,’ लिही,” क्लाइव्ह म्हणाला.

“‘कठडा हलतो. मासा...’” इथे रेवी अडला. मासेमारी झालीच नव्हती. सगळी बोय घराखाली खर्ची पडली होती. कोरी जागा सोडावी, तर ती अडतीस वर्षांतली पहिली.

मग त्याच्या लक्षात आलं की पानाच्या अगदी तळाशी आधीच काहीतरी लिहिलेलं आहे. नव्या पाहुण्याने जाताना वहीत एक ओळ लिहावी, असं काल जेवताना ग्लेनिसनेच सांगितलं होतं. शाळेच्या फळ्यावरचं असावं तसं गोल, ठसठशीत अक्षर. रेवीने वाचलं.

“‘विकत घ्यायला आले, शिंपल्या खाऊन गेले. मासा: नोएलीन, पंचेचाळीस किलो. गळाला लागली होती. परत सोडली. लोसा.’”

नोएलीनने वही त्याच्या हातातून घेतली, चष्मा लावला आणि ओळ पुन्हा वाचली.

“पंचेचाळीस?” ती म्हणाली. “मी बहात्तर किलोची आहे.”

“बाईंना कायदा पाठ झाला,” ग्लेनिस म्हणाली. “बाकी सगळं खरं लिहिलंय.”